सोन्याच्या बातमीतील दोन आकडे

महाराष्ट्रात सोने सापडल्याची बातमी काही वर्षांच्या अंतराने येत असते. 2022 च्या नोव्हेंबरात नागपूर येथे खाणउद्योगाच्या परिषदेत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सोन्याचे साठे आढळल्याचे सांगितले, तेव्हाही सर्वत्र चर्चा झाली. चंद्रपूरला सापडते, सिंधुदुर्गात सापडते, तर मराठवाड्यानेच कोणते पाप केले आहे, असा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातील सुशिक्षित माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. सापडले म्हणजे किती सापडले?

2020 च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. भारत देशापाशी आता अमेरिकेच्या खालोखाल सोने होणार, येथपर्यंत मजल गेली. अखेर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला खुलासा करावा लागला. धातुयुक्त दगड सुमारे 52,806 टन आणि त्यात टनामागे सरासरी 3.03 ग्रॅम सोने, हा खरा हिशेब होता. ज्यास गुणाकार येतो त्याने तो करून पाहावा. उत्तर 160 किलोच्या आसपास येते.

टनामागे तीन ग्रॅम म्हणजे बैलगाडीभर दगडात पाव तोळा. तो दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, रसायनांच्या साहाय्याने त्यातून सोने वेगळे करायचे आणि उरलेला जवळजवळ गाडीभर गाळ कोठेतरी साठवायचा. गावालगत हा गाळ कोठे साठवणार, हा प्रश्न सोन्याच्या बातमीत कधीच नसतो.

मुळात सोने एखाद्या जागी एकवटते ते काही विशिष्ट कारणांनी. त्यांपैकी एक प्रकार भूशास्त्रात ‘स्कार्न’ या नावाने ओळखला जातो. हा शब्द स्वीडनमधील जुन्या खाणकामगारांचा. लोखंडाच्या खनिजाबरोबर निघणाऱ्या टाकाऊ दगडाला ते स्कार्न म्हणत. ग्रॅनाइटचा तप्त शिलारस खालून वर येऊन चुनखडकात घुसला, की दोहोंच्या सीमेवर चुनखडक चुनखडक राहत नाही. शिलारसातून निघालेली उष्ण द्रावणे त्यात झिरपतात, चुन्याशी सिलिका व लोह यांचा संयोग होऊन गार्नेटसारखी खनिजे तयार होतात, आणि अनुकूल परिस्थिती असेल तर त्याच द्रावणातील तांबे, टंगस्टन, क्वचित सोने तेथे साचते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हेडली हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे 1898 मध्ये हक्क नोंदवले गेले, 1955 पर्यंत भूमिगत खाण चालली आणि बंद पडली. पुढे 1987 मध्ये त्याच डोंगरावर उघडी खाण सुरू झाली, ती 1996 पर्यंत चालली. डोंगर तोच, दगड तोच; बदलले होते ते बाजारभाव आणि खाणकामाचे तंत्र.

मग आपल्याकडे? पैनगंगेच्या खोऱ्यात, यवतमाळ व आदिलाबादच्या हद्दीवर, चुनखडकही आहे आणि ग्रॅनाइटही आहे. पण क्रम उलटा आहे. ग्रॅनाइट थंड होऊन, झिजून गेल्यानंतर कितीतरी काळाने त्यावर समुद्राच्या पाण्यात हा चुनखडक साचला. पाहुणे आले तेव्हा चूल विझलेली होती! आणि उरलेल्या बहुतेक मराठवाड्यावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे पांघरूण आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तोच हा काळा पाषाण. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल छिद्र घेतले गेले, तेव्हा या पाषाणाची जाडी 338 मीटर भरली. त्याखाली गाळखडकाचा पातळ थर आणि मग पुरातन ग्रॅनाइटी खडक. पूर्व चंद्रपुरात आणि सिंधुदुर्गाच्या बऱ्याच भागात हे पुरातन खडक उघडे आहेत. तेथे शोध का होतो आणि येथे का होत नाही, याचे कारण एवढेच. त्यात अन्याय शोधण्याचे प्रयोजन नाही.

तथापि सोन्याची खाण मराठवाड्याला अगदीच परकी आहे असेही नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच राज्यात रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण होती. (नाव कानडी आहे, अर्थ वस्ती असा, पण आपल्या भाषेतील अर्थही त्या खाणीला शोभतो.) तेथील सोने स्कार्नमधले नव्हे, प्राचीन शिस्ट खडकांतील गारेच्या शिरांमधले आहे. इंग्रज अभियंते तेथे पोहोचले तेव्हा त्यांच्या आधी कोणीतरी 640 फूट खोलवर जाऊन आलेले होते. जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडाचे कार्बन पद्धतीने वय काढले, ते सुमारे दोन हजार वर्षे आले. पंप नाही, सुरुंग नाही, आणि माणसे 640 फूट खाली! त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. तेथून जवळच मस्की येथे 1915 मध्ये अशोकाचे नाव असलेला लेख सापडला, तो बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतील अभियंत्यालाच.

नव्या काळात हट्टीची खाण 1902 मध्ये सुरू झाली, 1920 मध्ये बंद पडली. 1947 मध्ये नवी कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी उत्पादन पुन्हा सुरू झाले. राज्यपुनर्रचनेत खाण तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेली. कोलारची खाण 2001 मध्ये बंद झाली. हट्टीची चालू राहिली.

सरकारी नियमांत खनिजशोधाचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात केवळ खुणा पाहिल्या जातात. चौथ्यात जवळजवळ छिद्रे घेऊन साठ्याचे मोजमाप होते. आपल्याकडील घोषणा बहुधा टप्प्याचा उल्लेख न करताच होतात, हा खरा आक्षेप आहे. त्यातून त्या भागातील जमिनीचे व्यवहार सुरू होतात, बेकार तरुण नोकरीची आशा धरतात, आणि भूगर्भातील धनाविषयीची आपली जुनी दुर्बलता जागी होते. गुप्तधनाच्या लोभाने या मराठवाड्यात काय घडू शकते, हे 1972 ते 1974 या काळातील मानवतच्या हत्यांनी दाखवले आहे.

म्हणून मंत्र्यांनी वा अधिकाऱ्यांनी सोन्याची घोषणा करताना दगड किती टन आणि टनामागे सोने किती ग्रॅम, हे दोन आकडे आणि शोधाचा टप्पा सांगणे सक्तीचे असावे. ते सांगितले नसतील तर वृत्तपत्रांनी विचारावेत, आणि वृत्तपत्रांनीही विचारले नाहीत तर शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी सोनभद्रचे उदाहरण फळ्यावर घ्यावे.