यंत्र नवे, नोंदी जुन्या

‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. देशभरातील अनेक कार्यालयांना आता प्रणाली बदलणे भाग आहे. ‘विंडोज एक्सपी’चे साहाय्य २०१४ मध्येच थांबले होते, तरीही एटीएममधील कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत बदला, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये बँकांना बजावावे लागले. अशी दिरंगाई धोक्याची, तशी घाईही घातकच. संगणक पुन्हा विकत घेता येतो. जमिनीच्या, निवृत्तिवेतनाच्या वा रुग्णांच्या नोंदी विकत मिळत नाहीत.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइल्स नुसत्या उचलून ठेवल्यास प्रत विसंगत निघू शकते. म्हणून डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप सुविधेनेच प्रत घ्यावी, ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून नोंदींची संख्या पडताळावी. जुना डेटाबेस नव्या प्रणालीवर चालतो का, हेही आधीच तपासावे. न तपासलेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही.

संगणक खरेदीच्या निविदेतच या पडताळणीची अट असावी. कारण सरकारदरबारी नोंद हरवली, तरी पुरावा मागितला जातो तो नागरिकाकडेच.