लाक्सेनबुर्गचा उन्हाळा

व्हिएन्नाच्या दक्षिणेला लाक्सेनबुर्ग नावाचे टुमदार गाव आहे. तिथला हॅब्सबुर्ग राजघराण्याचा महाल सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळापासून उन्हाळी मुक्कामासाठी प्रसिद्ध. आता दर जूनमध्ये या महालात जगभरातले सुमारे पन्नास पीएचडीचे विद्यार्थी येऊन कामाला बसतात आणि ऑगस्टअखेर परततात. हवामान बदलाचे अर्थशास्त्र शिकू पाहणाऱ्या तरुणासाठी हा मुक्काम केवळ शिष्यवृत्ती नाही. या विषयाच्या जन्मघरातच त्याला तीन महिने राहायला मिळते.

या महालात एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिचे नाव ‘इयासा’, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस. शीतयुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९७२ मध्ये, लंडनला बारा देशांच्या वैज्ञानिक संस्थांनी तिच्या सनदेवर सह्या केल्या. त्यांत अमेरिकाही होती आणि सोव्हिएत रशियाही. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखलेल्या देशांनी ऊर्जा, पाणी आणि अन्न या प्रश्नांसाठी एकाच छताखाली संशोधक पाठवावेत, ही गोष्ट आजही थक्क करते.

१९७४ साली येल विद्यापीठातले तिशीतले अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस वर्षभरासाठी इथे आले. त्यांच्या खोलीत दुसरे टेबल होते हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅलन मर्फी यांचे. त्या शेजारातून नॉर्डहाउस यांचा १९७५ चा निबंध आला. कार्बन डायऑक्साइडला आवर घालता येईल का, हा त्याचा प्रश्न. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘डाइस’ हे प्रतिमान, म्हणजे मॉडेल, बांधले. कारखाने चालले की धूर, धुरामुळे तापमान, तापमानामुळे नुकसान आणि नुकसानीमुळे पुन्हा कारखान्यांच्या उत्पन्नात घट, असे सगळे चक्र त्यात गणिताने जोडलेले आहे. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. नेमका त्याच दिवशी दीड अंश तापमानवाढीवरचा, संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान बदलविषयक समितीचा अहवालही प्रसिद्ध झाला.

या शास्त्रातला सगळ्यात अवघड हिशेब सावकारी पेढीत शोभेल असा आहे. शंभर वर्षांनी होणाऱ्या एक कोटी रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत किती? त्यासाठी वटावाचा, म्हणजे डिस्काउंटचा, दर ठरवावा लागतो. वर्षाला १.४ टक्के धरला तर उत्तर येते सुमारे २५ लाख. ४.५ टक्के धरला तर जेमतेम सव्वा लाख! नुकसान तेच, पण एका हिशेबाने आज धरणे, तटबंदी, सौरऊर्जा यांवर भरपूर खर्च करणे शहाणपणाचे ठरते, तर दुसऱ्याने तो उधळपट्टी वाटतो. ब्रिटिश सरकारसाठी २००६ साली निकोलस स्टर्न यांनी लिहिलेल्या अहवालात दर कमी धरला होता, आणि नॉर्डहाउस यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. नातवंडांच्या सुखाचा भाव किती लावायचा, हाच त्या वादाचा गाभा. तो नुसत्या गणिताने सुटणार नाही. म्हणूनच इथे नव्या, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या डोक्यांची गरज आहे. पुरात वाहून जाणारे शेत ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्याने वटावाचा दर ठरवण्याच्या चर्चेत बसलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अशा तरुणांना महालात आणणारी इयासाची उन्हाळी संशोधनाची योजना १९७७ पासून सुरू आहे. विद्यार्थ्याला इयासातला एक शास्त्रज्ञ मार्गदर्शक म्हणून मिळतो आणि त्याच्या देखरेखीखाली स्वतःचा निबंध लिहायचा असतो. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च बहुधा त्या त्या देशाची सदस्य संस्था उचलते. भारत ‘टायफॅक’ या सरकारी संस्थेमार्फत सदस्य झाला. उत्तम निबंधांना पेच्चेई पुरस्कार असतो. तो मिळाला की पुन्हा काही महिने तिथे जाऊन काम पुढे नेता येते.

मुंबईशी या महालाचे नाते जुने आहे. ऐंशीच्या दशकात अर्थतज्ज्ञ किरीट पारिख इयासात अन्न आणि शेतीचा कार्यक्रम सांभाळत होते. त्यांच्या पत्नी ज्योती पारिख तिथेच ऊर्जेवर काम करत होत्या. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली मुंबईत गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था काढली तेव्हा किरीट पारिख तिचे पहिले संचालक झाले. तिथे आजही पीएचडीच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. म्हणजे लाक्सेनबुर्गला जायची पहिली पायरी गोरेगावातही चढता येते.

इयासाच्या अर्जांची मुदत साधारणपणे जानेवारीच्या सुमारास संपते. प्रबंधाचा विषय पक्का झाला असेल, तर दिवाळीच्या सुट्टीतच आपल्या मार्गदर्शकांशी बोलून ठेवा.