लंगोट बदलताना बाळावरचा हात

बाळंतिणीच्या खोलीत दिवसातून सर्वाधिक वेळा होणारे काम म्हणजे लंगोट बदलणे. नवजात बाळाच्या बाबतीत ते दिवसाला आठ-दहा वेळा सहज होते. चार महिन्यांचा हिशेब मांडला तर हजारावर वेळा. एवढ्या वेळा हातून होणाऱ्या कामाकडे लक्ष राहत नाही, आणि बाळ पडण्याचे प्रसंग नेमके याच कामात येतात. दुपटे घ्यायला आई वळते, फोन वाजतो, खालून दुकानातून कोणी हाक मारते; तेवढ्यात बाळ पलंगाच्या कडेला पोहोचलेले असते.

पूर्वी आजी-पणजी जमिनीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरून, पाय पसरून बसत आणि तिथेच बाळाचे सगळे करीत. जमिनीवरून बाळ पडणार कुठे? आता घरोघरी सामान ठेवण्याचे खण असलेले उंच पलंग आले, त्यांवर जाड गाद्या आल्या. बाळंतिणीची कंबर वाकू नये म्हणून बाळाला टेबलावर किंवा सोफ्यावर घेण्याची सोय झाली. दुकान आणि घर एकत्र असेल तर काउंटरवरही बाळाला निजवले जाते. ही सोय मोठ्यांची झाली. बाळाच्या दृष्टीने जुनी गोधडीच बरी होती. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या आईला काही आठवडे खाली बसणे-उठणे जड जाते हे खरे. पण तेवढ्या काळात हे काम आजीने किंवा मावशीने जमिनीवर करावे, अथवा पलंगावर करायचेच झाले तर कडेपासून दूर, मधोमध करावे.

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. शरीराच्या मानाने ते जड असल्याने पडताना बहुधा तेच आधी आपटते, आणि हात पुढे टेकून स्वतःला सावरणे त्या वयात जमत नाही. ‘अजून कुशीवर वळत नाही’ हा दिलासाही फसवा आहे. बहुतेक बाळे चौथ्या महिन्याच्या आसपास वळू लागतात; परंतु त्याआधीही टाचा रेटून, अंग झटकून ती जागा सोडतात. शिवाय बाळ पहिल्यांदा कधी वळणार हे घरात कोणालाच आधी कळत नसते. मालिश करून अंघोळ घातल्यावर लगेच लंगोट बांधताना तर अधिक जपावे लागते, कारण तेलाने निसरडे झालेले अंग हातातून सहज सुटते.

भरल्या घराचा एक धोका वेगळाच आहे. खोलीत सासूबाई, जाऊबाई, आत्या असे चौघेजण असतात आणि बाळाकडे कोणीतरी बघतेच आहे असे प्रत्येकीला वाटते. व्यापारी घरात गल्ला उघडा टाकून कोणी उठत नाही. उठायचेच झाले तर दुसऱ्याला सांगून, त्याने ‘हो’ म्हटल्यावरच उठतो. बाळाचा ताबाही असाच तोंडाने द्यावा-घ्यावा. “काकू, मी उठते आहे, बाळावर हात ठेवा,” असे म्हणावे आणि काकूंचा हात बाळावर आल्यावरच आपला काढावा. नुसत्या नजरेच्या खुणेवर विसंबू नये.

लागणारे सारे, म्हणजे कोरडा लंगोट किंवा डायपर, ओले मऊ फडके, झबले, दुपटे, आधीच हाताशी मांडून मगच बाळाला निजवावे. काम संपेपर्यंत एक हात त्याच्या पोटावर राहावा. काही विसरलेच तर बाळाला उचलून सोबत न्यावे. दारावरची घंटा वाजली तर वाजू द्यावी. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबू शकते. बदलण्याच्या टेबलाला पट्टा असला तरी तो हाताची जागा घेत नाही.

बाळ चुळबुळ करते म्हणून त्याच्या हातात जवळची वस्तू देण्याची सवय फार आहे. किल्ल्यांचा जुडगा, पावडरीचा डबा, रिमोट असे काही दिले की ते लगेच तोंडात जाते. गोल चपट्या बटण-सेलवर चालणारी खेळणी तर विशेष जपावीत, कारण असा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. नाणी, सुपारीचे खांड, डायपरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्या जागेवर असूच नयेत. लंगोटाला पिन लावणाऱ्यांनी पिन आणि बाळाचे अंग यांमध्ये आपली बोटे ठेवावीत. ओठांत पिन धरून काम करू नये. त्यापेक्षा नाडीचा किंवा चिकटपट्टीचा लंगोट बरा. टाल्कम पावडर उडून श्वासात जाते, म्हणून बालरोगतज्ज्ञ ती टाळायला सांगतात. जुन्या घरांत बोरिक पावडर लावण्याचा प्रघात होता. ती विषारी आहे आणि सोललेल्या त्वचेतून अंगात भिनते, तेव्हा ती घरात ठेवूच नये.

नाळ गळेपर्यंत लंगोट तिच्याखाली दुमडावा. मुलीला पुढून मागे पुसावे. लंगोट बांधताना पाय सरळ ताणून आवळण्याची रीतही सोडावी; खुबे मोकळे राहिलेले बरे.

एवढे जपूनही बाळ पडलेच तर आधी त्याचा श्वास आणि शुद्ध पाहावी. बेशुद्धी, झटके, पुन्हा पुन्हा उलटी, न थांबणारे किंवा विचित्र रडणे, अवेळी सुस्ती, दूध न ओढणे, फुगलेली टाळू, डोक्यावर मऊ सूज, कानानाकातून रक्त किंवा पाणी यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तीन महिन्यांखालील बाळ पडले असेल तर ते हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शुद्धीवर आणण्यासाठी त्याला हलवू नये.

पडल्याची गोष्ट पुष्कळदा घरात लपवली जाते. सून सासूबाईंना भिते, कामाची बाई नोकरी जाईल म्हणून गप्प राहते, मोठी बहीण मार बसेल म्हणून बोलत नाही. मग रात्री उलट्या सुरू झाल्या की अजीर्ण समजून गुटी उगाळली जाते, आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो मोलाचे तास निघून जातात. बाळ किती उंचीवरून पडले, कशावर पडले, किती वाजता पडले, लगेच रडले की नाही, एवढे डॉक्टरांना खरे कळायला हवे. ते सांगणाऱ्या माणसावर त्या दिवशी तरी घरातील वडीलधाऱ्यांनी आवाज चढवू नये.