नवेगाव बांध

नवेगाव बांध हे महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक लहान गाव आहे. त्याच नावाच्या विस्तीर्ण तलावामुळे आणि तलावाला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानामुळे ते विदर्भातील महत्त्वाच्या पर्यटनस्थळांत गणले जाते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. त्यामुळे जुन्या गॅझेटियरांत, प्रवासवर्णनांत आणि वनविषयक लेखनात त्याचा उल्लेख ‘भंडारा जिल्ह्यातील नवेगाव’ असाच आढळतो. भंडारा व गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांना आजही ‘तलावांचे जिल्हे’ असे संबोधले जाते, आणि नवेगावचा तलाव हा त्या तलावांतील सर्वांत प्रसिद्ध तलावांपैकी एक आहे.

गावाच्या नावातील ‘बांध’ हा शब्द तलावाच्या मातीच्या बांधाचा निदर्शक आहे. डोंगरांनी वेढलेला आणि जंगलाने झाकलेला हा जलाशय प्रथमदर्शनी नैसर्गिक सरोवर वाटतो. प्रत्यक्षात तो मानवनिर्मित असून भातशेतीसाठी बांधलेला आहे.

भौगोलिक स्थान

नवेगाव बांध पूर्व विदर्भात, वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. हा प्रदेश ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांचा त्यात समावेश होतो. येथील बोली ‘झाडीबोली’ या नावाने प्रसिद्ध आहे.

तलावाभोवती टेकड्यांची रांग आहे. त्यांतील सात टेकड्यांना स्थानिक लोक ‘सातबहिणी’ म्हणतात. या टेकड्यांवर पडणारे पावसाचे पाणी खालच्या खोलगट भागात उतरते. टेकड्यांमधील मोकळ्या जागा बांध घालून अडवल्यामुळे तुलनेने कमी लांबीच्या बांधकामातून मोठा जलाशय निर्माण झाला. तलावाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस किलोमीटर सांगितले जाते. पावसाचे प्रमाण आणि शेतीसाठी होणारा उपसा यांनुसार पाण्याचा प्रत्यक्ष विस्तार दरवर्षी आणि दर ऋतूत बदलतो.

तलावांची गरज

या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरपूर पाऊस पडतो. तरीही शेकडो वर्षांपासून येथे तलाव बांधले गेले, याचे कारण भाताच्या पिकात आहे. धानाची रोवणी आषाढ–श्रावणात होते; परंतु लोंबी बाहेर पडून दाणा भरण्याचा काळ सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर असा येतो. नेमक्या याच वेळी मोसमी पाऊस माघारी फिरू लागतो. शेवटच्या एक-दोन पाण्यांची ओढ बसली, तर आधी कितीही पाऊस झाला असला तरी दाणा पोचट राहतो. तलावात साठवलेले पाणी या मोक्याच्या वेळी बांध्यांत सोडता येते. म्हणजेच येथील तलावाचे मुख्य काम वर्षभर पाणी पुरवणे हे नसून, पीक हाताशी आलेले असताना ते वाचवणे हे आहे.

लहान तळ्याला या भागात ‘बोडी’ म्हणतात. अनेक ठिकाणी बोड्या आणि तलाव उताराच्या दिशेने एकाखाली एक बांधलेले आढळतात. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यातून वाहणारे पाणी खालच्या तलावात जाते. अशा साखळीमुळे एकाच नाल्याचे पाणी अनेक गावांना उपयोगी पडते आणि मातीची धूपही कमी होते.

इतिहास

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने मानले जाते. कोहळी हा या प्रदेशातील शेतकरी समाज असून तलाव बांधणे आणि उसाची लागवड करणे यांसाठी तो प्रसिद्ध होता. जमिनीचा उतार, मातीचा पोत आणि पाण्याची चाल ओळखून बांधाची जागा निवडण्याचे त्यांचे कौशल्य इंग्रज अधिकाऱ्यांनीही नोंदवून ठेवले आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या समाजाला आपल्या राज्यात आणले, अशी एक दंतकथा सांगितली जाते.

गोंड राजवटीत जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाखालील जमीन देण्याची पद्धत होती. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर भागात तुकूम हे नाव असलेल्या वस्त्या आजही आहेत. तलाव बांधणाऱ्याचा स्वतःचा लाभ तलावाच्या टिकण्याशी जोडणारी ही व्यवस्था तलावांच्या प्रसाराला मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरली.

कोलू पाटलांना पुढे लोकांनी देवत्व दिले. ‘कोलासुर देव’ या नावाने त्यांची पूजा होऊ लागली आणि तलावाजवळील टेकडीवर त्यांचे ठाणे मानले जाऊ लागले. तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्याचा ग्रामदेव व्हावा, हे या भागातील पाण्याच्या मोलाचे द्योतक आहे.

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यानंतर भंडारा जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमाबंदीत गावच्या मालगुजारांना मालकी हक्क देण्यात आले. तलावही त्यांच्या ताब्यात राहिले. मात्र पाणी, गाळ, मासे, शिंगाडा आणि तलावकाठचा चारा यांवर गावकऱ्यांचे रूढ हक्क होते. या हक्कांना ‘निस्तार’ म्हणतात.

१९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने मालगुजारी पद्धत रद्द केली आणि १९५१ पासून तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. कुळांच्या दृष्टीने हा बदल न्याय्य होता. परंतु त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीची दुरुस्ती करणे आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणे ही कामे गावातच होत. मालकी शासनाकडे गेल्यावर ही जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे आली आणि हजारो लहान तलावांपर्यंत तिला पोहोचणे अवघड गेले. ज्या पाण्यासाठी पूर्वी पैसे द्यावे लागत नसत, त्यावर पाणीपट्टी आकारण्यावरून शेतकरी आणि शासन यांच्यात दीर्घकाळ वाद चालला.

राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प

नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ १३३.८८ चौरस किलोमीटर आहे. येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू या वनस्पती प्रामुख्याने आढळतात. बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय आणि रानकुत्रा हे येथील प्रमुख सस्तन प्राणी आहेत. वाघाचाही येथे वावर आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव अभयारण्य, नागझिरा अभयारण्य, नवीन नागझिरा अभयारण्य आणि कोका अभयारण्य मिळून नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. हा महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्र प्रकल्प होय. त्याचा विस्तार गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत असून कोका अभयारण्य भंडारा जिल्ह्यात येते. ताडोबा, पेंच आणि कान्हा येथील जंगलांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या भ्रमणमार्गांच्या दृष्टीने या प्रकल्पाचे स्थान मोक्याचे मानले जाते.

पक्षिजीवन

हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पाणपक्षी येतात. तलवार बदक, थापट्या, लालसरी आणि चक्रवाक हे त्यांतील काही होत. पाणकावळे, बगळे, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी हे पक्षी वर्षभर दिसतात. सारस हा भारतातील सर्वांत उंच उडणारा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतच उरला आहे. तो धानाच्या बांध्यांत आणि उथळ तलावांच्या काठी घरटे करतो. त्यामुळे त्याचे भवितव्य राखीव जंगलापेक्षा शेतकऱ्यांच्या शेतीपद्धतीवर अधिक अवलंबून आहे.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील आपल्या सेवेचा महत्त्वाचा काळ नवेगाव बांध येथे व्यतीत केला. पक्षी, मासे आणि वनस्पती यांची स्थानिक नावे व त्यांविषयीचे लोकज्ञान त्यांनी येथील लोकांकडून, विशेषतः माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून मिळवले आणि आपल्या लेखनातून मराठी वाचकांपुढे ठेवले. नवेगावची महाराष्ट्रभर झालेली ओळख मोठ्या प्रमाणात या लेखनामुळे आहे. चितमपल्ली हे २००६ मध्ये सोलापूर येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

लोकजीवन

तलावावर उपजीविका असलेला प्रमुख समाज म्हणजे ढिवर. मासेमारी, शिंगाडा आणि कमळकंद यांवर त्यांचे जीवन अवलंबून असते. मालगुजारी रद्द झाल्यानंतर तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत सुरू झाली. उत्पादन वाढावे म्हणून या संस्था रोहू, कटला व मृगळ या जातींचे बीज तलावांत सोडू लागल्या. कालांतराने मरळ, शिंगी यांसारख्या स्थानिक जातींचे प्रमाण घटले. गाळ साचणे, बेशरम वनस्पतीची वाढ आणि पाणवनस्पतींचा नाश ही त्याची इतर कारणे होत. अनेक स्थानिक मासे पाणवनस्पतींच्या आधारानेच अंडी घालतात; त्यामुळे वनस्पती नाहीशी झाली की मासाही विरळ होतो.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन या भागातील काही तलावांत बेशरम काढून टाकणे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भागाची नांगरणी करणे आणि स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड करणे असे प्रयोग केले आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाला व पक्ष्याला उपयोगी पडते, याविषयीचे ढिवरांचे पारंपरिक ज्ञान या कामाचा पाया आहे.

दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत मंडई भरते. गावोगावी दंडार आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य केंद्र आहे.

परस्परविरोधी गरजा

नवेगावच्या तलावाकडे एकाच वेळी चार अपेक्षांनी पाहिले जाते. शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये पाणी सोडलेले हवे असते. मासेमाराला उन्हाळ्यातही पुरेसे पाणी उरावे असे वाटते. स्थलांतरित पक्ष्यांना हिवाळ्यात उथळ, वनस्पतींनी भरलेला काठ लागतो. तर पर्यटकाला भरलेला जलाशय आणि त्यातील नौकाविहार यांचे आकर्षण असते. यांतील कोणतीही एक गरज पूर्णपणे भागवली, तर दुसरीवर ताण येतो. उदाहरणार्थ, काठावरील वनस्पती काढून किनारा स्वच्छ केल्यास तो पर्यटकांस सुंदर दिसतो, पण बदकांचे खाद्य आणि माशांच्या विणीची जागा नष्ट होते. संरक्षित क्षेत्राच्या नियमांमुळे वनोपज गोळा करणे आणि गुरे चारणे यांवर मर्यादा आल्या. दुसरीकडे, त्याच नियमांमुळे टेकड्यांवरील झाडी टिकली आणि तलावात येणारा गाळ कमी राहिला. तलावाचे नियोजन करताना पाटबंधारे, वन, मत्स्यव्यवसाय आणि पर्यटन या वेगवेगळ्या यंत्रणांचा समन्वय म्हणूनच निर्णायक ठरतो.

परिसरातील स्थळे

• प्रतापगड : अर्जुनी मोरगाव तालुक्यातील टेकडीवरील जुना किल्ला. येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. शिवस्थानाप्रमाणेच येथील दर्गाही भाविकांचे श्रद्धास्थान आहे.
• नोरग्येलिंग तिबेटी वसाहत : १९७२ मध्ये स्थापन झालेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. गोंदिया जिल्ह्यात असूनही ती तिबेटी लोकांत अजून ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते.
• इटियाडोह धरण : गाढवी नदीवरील मोठे धरण. मामा तलाव आणि आधुनिक सिंचन प्रकल्प यांतील फरक येथे स्पष्टपणे पाहावयास मिळतो.
• नागझिरा अभयारण्य : १९७० मध्ये घोषित झालेले अभयारण्य. भंडारा जिल्ह्यातील साकोली येथून तेथे जाता येते.

भेटीचा काळ आणि मार्ग

पक्षिनिरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल असतो. सस्तन प्राणी पाहण्यासाठी एप्रिल व मे हे महिने अधिक योग्य मानले जातात, कारण पाणवठे कमी झाल्याने प्राणी ठरावीक ठिकाणी येतात. मात्र या काळात उष्णता तीव्र असते. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन बंद ठेवले जाते. जंगलात प्रवेशासाठी वनविभागाचा परवाना आवश्यक आहे.

नागपूरपासून नवेगाव बांध सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहे. नागपूर–रायपूर राष्ट्रीय महामार्गाने भंडारा, लाखनी आणि साकोली ही गावे ओलांडून कोहमारा येथे दक्षिणेकडे वळावे लागते. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्ग या भागातून जातो. गोंदिया हे मोठे रेल्वे जंक्शन सुमारे ६५ किलोमीटरवर असून सर्वांत जवळचा मोठा विमानतळ नागपूर येथे आहे. कोहमाऱ्याहून येणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा धानाच्या बांध्या, बोड्या आणि लहान तलाव लागतात. नवेगावचा तलाव ज्या जलव्यवस्थेचा भाग आहे, तिचे दर्शन या प्रवासातच घडते.