कपड्यावरून काढलेला फोटो

कोरोनाच्या दिवसांत शाळेच्या फाटकावर मुलांच्या कपाळासमोर ते पांढरे पिस्तूल धरायचे काम माझ्याकडे होते. मुले विचारायची, "टीचर, हात न लावता याला ताप कळतो कसा?" प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकते, ते हे यंत्र मोजते. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा तिथेच जास्त चढला. हेच अवरक्त किरण. पिस्तूल एका जागेची उष्णता मोजते. थर्मल कॅमेरा हजारो बिंदूंची एकदम मोजून तिचे रंगीत चित्र काढतो.

या कॅमेऱ्याने कातडीचा कर्करोग ओळखायचे प्रयत्न बरेच झाले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिला हर्मन या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापिकेने त्यासाठी एक युक्ती वापरली. घातक तीळ आणि साधा तीळ यांच्या उष्णतेतला फरक इतका बारीक असतो की नुसत्या फोटोत तो सहज सापडत नाही. म्हणून आधी त्या जागेवर सुमारे मिनिटभर थंड हवा सोडायची आणि मग कातडी परत कशी गरम होते ते कॅमेऱ्याने टिपायचे. थंडीत गार पाण्याने वुजू केल्यावर हात हळूहळू उबदार होतात ना, तसेच. मेलानोमाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना जास्त ऊर्जा आणि जास्त रक्त लागते, त्यामुळे ती जागा आजूबाजूच्या कातडीपेक्षा लवकर तापते.

कल्पना सुंदर आहे, पण कॅमेऱ्याला कर्करोग दिसत नाही, ऊब दिसते. आणि ऊब तर पिकलेल्या गळवातही असते. कातडीच्या कर्करोगाची खात्री आजही तुकडा काढून तपासल्यावरच होते. स्तनांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये स्पष्ट बजावले की थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही.

हे सगळे मी वाचले ते माझ्या खालाजानमुळे. त्यांच्या कमरेवर, सलवारीचा नाडा बसतो तिथे, एक काळपट चट्टा होता. पुढे तो चिघळला. हळद झाली, पावडर झाली, तीन वर्षे गेली. मग गावात "स्पर्शाविना कॅन्सर तपासणी"चे शिबिर आले. कपडे काढायचे नाहीत, कुणी हात लावणार नाही, म्हणून खाला खुशीने गेल्या. एका पोराने कपड्यावरूनच फोटो काढला आणि "नॉर्मल" लिहिलेला कागद दिला. थर्मल कॅमेऱ्याला कापडाच्या आतले दिसत नाही, तो कापडाचीच उष्णता दाखवतो, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्या कागदावर आणखी सहा महिने गेले.

कमरेचा हा आजार नवा नाही. टाटा मेमोरियलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. पुढे साडी-परकराच्या नाड्याखालचेही रुग्ण सापडले. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी धरून मांड्यांवर आणि पोटावर होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत आहे. मेलानोमा आपल्या सावळ्या कातडीत कमी होतो, पण होतो तेव्हा बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी ते गेले. पाचही वेळा वुजूत पाय धुणारी आपण माणसे, बोटांत खिलाल करतो, पण तळवा उलटून किती जण बघतात? नवा काळा डाग, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, महिनाभरात न भरणारी जखम, एवढे बघायला कॅमेरा लागत नाही.

शेवटी मीच खालांना जिल्ह्याच्या गावी एका लेडी डॉक्टरकडे नेले. वाटेत त्या "बेपर्दगी होईल" म्हणत राहिल्या. इलाजासाठी गरजेपुरते अंग दाखवायला शरीयतची मुभा आहे, हे मी बसमध्ये दोनदा सांगितले. डॉक्टरांनी दोन मिनिटे बघितले आणि तुकडा तपासायला पाठवला. कर्करोगच होता, पण अल्लाहच्या मेहेरबानीने पसरलेला नव्हता. ऑपरेशनला दोन वर्षे झाली. खाला आता नाड्याऐवजी रुंद, सैल पट्टा वापरतात, आणि शिबिराचा तो "नॉर्मल"चा कागद त्यांनी अजून कपाटात जपून ठेवलाय. का, ते सांगत नाहीत.