कोंड्यामागची तेलखाऊ बुरशी

सकाळी पुण्यात बिबवेवाडीच्या अप्पर डेपोतून स्वारगेटकडे निघालेल्या पीएमपी बसमध्ये जेवढी मोठी माणसं बसलेली असतात, त्या जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यावर एकाच कुळातली बुरशी राहत असते. मार्केट यार्डात कामाला निघालेले, कॉलेजची मुलं, पेन्शनचं काम करायला बाहेर पडलेले आजोबा, कोणीही त्याला अपवाद नाही. रोज केस धुणारेही नाहीत. मालासेझिया हे त्या बुरशीचं नाव. जगातल्या सुमारे निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी तिच्यामुळे कोंडा होतो आणि उरलेल्यांना ती आपल्या डोक्यावर आहे याचा पत्ताही लागत नाही. एकाच बुरशीचा दोन डोक्यांवर इतका वेगळा परिणाम का होतो, हे समजलं की कोंड्याचे उपाय आपोआप समजतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोंडा म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. वयात आलेल्या मुलीच्या खांद्यावर पांढरे कण दिसले की घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, ‘डोकं नीट धूत नाहीस.’ मुलं काळा शर्ट घालायचं टाळतात, वर्गात पुढच्या बाकावर बसत नाहीत. हा अपराधीपणा त्यांच्यावर विनाकारण लादलेला आहे. कोंडा संसर्गजन्यही नाही; दुसऱ्याचा कंगवा वापरल्याने तो लागत नाही, कारण ती बुरशी तुमच्याकडे आधीपासूनच असते.

या बुरशीला तिचं नाव फ्रान्समधल्या संशोधनातून मिळालं. लुई-शार्ल मालासे या पॅरिसच्या संशोधकाने 1874 साली कोंड्याच्या पापुद्र्यांत सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर, कळी फुटल्यासारख्या पेशी पाहिल्या आणि त्यांचं वर्णन केलं. पुढे 1889 साली त्याच्या नावावरून बुरशीला मालासेझिया म्हटलं गेलं. पण दिसलेली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. इतर बुरशा ज्या खाद्यावर भराभर वाढतात, त्यावर ही वाढेच ना. 1927 साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले डॉ. गणपती पांजा यांनी ती वाढवण्यात यश मिळवलं. या विषयाच्या इतिहासात त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. तिला वाढीसाठी स्निग्ध पदार्थ लागतोच, हे अमेरिकेत ऱ्होडा बेनहॅम यांनी 1939 साली दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळांमध्ये ही बुरशी वाढवण्याची एक जुनी रीत अशी आहे: खाद्याच्या तबकडीवर ऑलिव्ह तेलाचा थर द्यायचा. डोक्याला तेल चोपडून कोंडा घालवू पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

तेलाची ही गरज कशामुळे, याचं उत्तर 2007 साली मिळालं. मालासेझिया ग्लोबोसा या जातीची संपूर्ण जनुकीय मांडणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. सुमारे 90 लाख अक्षरांची आणि 4,285 जनुकांची ही मांडणी आहे. स्वतंत्रपणे जगणाऱ्या बुरशांमध्ये इतकी आटोपशीर मांडणी क्वचितच आढळते. शरीराला लागणारी मेदाम्लं स्वतः तयार करण्याचं जनुक तिच्यात नाहीच. त्याऐवजी दुसऱ्याचं तेल फोडणारी विकरं मात्र भरपूर आहेत. म्हणजे ही बुरशी जन्मतःच परावलंबी आहे आणि आपलं डोकं तिला हवं ते पुरवतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला 400 ते 900 तैलग्रंथी असतात. वयात येताना संप्रेरकांमुळे त्या जोमाने स्रवू लागतात, म्हणून कोंडा साधारण त्याच वयात सुरू होतो, विशीच्या आसपास सर्वाधिक त्रास देतो आणि पन्नाशीनंतर बहुतेकांच्या बाबतीत ओसरतो. पुरुषांत तो जास्त दिसतो, त्याचंही कारण हेच.

या कुळातल्या बुरशांचा वावर फक्त डोक्यांपुरता नाही. समुद्राच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ, प्रवाळांत आणि स्पंजांतही त्यांच्या भाऊबंदांचे जनुकीय ठसे सापडले आहेत. बिबवेवाडीतल्या एखाद्या मुलाच्या केसांत राहणाऱ्या जीवाची नातलग मंडळी हजारो फूट खोल अंधारात आहेत, हे वाचल्यावर सृष्टीबद्दल नव्याने आदर वाटतो.

आता कोंडा होतो कसा ते पाहू. ही बुरशी त्वचेवरचं तेल फोडते. त्यातली संपृक्त मेदाम्लं ती स्वतः वापरते आणि ओलिक आम्लासारखी असंपृक्त आम्लं तशीच सोडून देते. हे ओलिक आम्ल काही जणांच्या त्वचेत झिरपून तिची संरक्षक भिंत कमकुवत करतं. काहींच्या त्वचेला मात्र त्याने काहीच होत नाही. संशोधकांनी बुरशी काढून टाकून नुसतं ओलिक आम्ल लावून पाहिलं, तेव्हा कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्यावर पापुद्रे सुटले, इतरांच्या नाहीत. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: फरक बुरशीत कमी आणि आपल्या त्वचेत जास्त आहे.

डवचलेली त्वचा मग घाई करते. निरोगी त्वचेची पेशी तळाशी जन्मून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते आणि एकेकटी, डोळ्याला न दिसता झडते. कोंड्यात हा प्रवास फार लवकर उरकतो. पेशी अपुऱ्या पिकलेल्या असतात, एकमेकींना चिकटून झुबक्याने सुटतात आणि आपल्याला पांढरा कण दिसतो.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनीही हा विकार नीट पाहिला होता. सुश्रुताने दारुणक नावाने त्याची गणना क्षुद्ररोगांत केली, वाग्भटाने कपालगत रोगांत. खाज, रुक्षपणा, त्वचेला पडणाऱ्या चिरा, ही लक्षणं त्यांनी टिपली आहेत. सूक्ष्मदर्शक नसतानाचं ते निरीक्षण आहे.

बुरशीवरच्या औषधांच्या इतिहासात पुणे परिसराचंही एक पान आहे, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी 1961 साली हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे थेट पिंपरीवरून. हॅमायसिन कोंड्यासाठी नव्हतं. कानातल्या आणि इतर बुरशीजन्य विकारांसाठी ते वापरलं गेलं. पण त्याचा नेम जिथे होता, तिथेच आज कोंड्यावर दिल्या जाणाऱ्या किटोकोनाझोलचाही नेम आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध घटक असतो. हॅमायसिनच्या वर्गातली औषधं त्याला चिकटून आवरणाला भोकं पाडतात, तर किटोकोनाझोल तो घटक तयारच होऊ देत नाही.

आज औषधी शाम्पूंमध्ये मुख्यतः किटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड, सॅलिसिलिक आम्ल किंवा कोलटार असतं. झिंक पायरिथिऑनवर युरोपीय संघाने मार्च 2022पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. भारतात ते मिळतं. दोन टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायचा असतो आणि नंतर कोंडा परतू नये म्हणून आठवड्या-पंधरवड्यातून एकदा. तो डॉक्टरांना विचारूनच आणावा. बहुतेकांचं चुकतं ते पुढे. फेस झाला की लगेच पाणी ओततात, आणि औषध त्वचेपर्यंत पोचण्याआधीच मोरीत जातं. शाम्पू केसांना नव्हे, बोटांच्या पेरांनी कातडीला चोळावा आणि तीन ते पाच मिनिटं तसाच राहू द्यावा. नखांनी खरवडू नये. कोंडा कमी झाला की औषध एकदम बंद करण्याची चूकही सर्रास होते. ही बुरशी कायमची हाकलता येत नाही, ताब्यात ठेवता येते. ‘कोंडा मुळापासून नष्ट’ अशी जाहिरात दिसली की पैसे खिशातच ठेवावेत.

तेलाचा प्रश्न नाजूक आहे, कारण आपल्याकडे तेल म्हणजे माया. पापुद्रे दिसले की ‘डोकं कोरडं पडलंय’ असं समजून आई रात्री तेल थापते. कोंडा असलेल्या डोक्यावर दिवसेंदिवस तेल मुरवत ठेवणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं, विशेषतः ओलिक आम्ल भरपूर असलेलं बदाम तेल किंवा ऑलिव्ह तेल. खोबरेल तेल थोडं वेगळं आहे. त्यात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास आणि ओलिक आम्ल फार थोडं. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात खोबरेलाच्या नियमित वापराने डोक्यावरच्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांचं प्रमाण सुधारल्याचं आढळलं. माझं मत असं की, तेल लावायचंच असेल तर खोबरेल, तेही नहाण्याआधी तास-दोन तास, आणि त्याच दिवशी धुऊन टाकावं. बाळाची टाळू भरताना दिसणाऱ्या पिवळसर खपल्यांचंही कारण आईच्या संप्रेरकांनी चेतवलेल्या तैलग्रंथी हेच मानलं जातं. थोड्या तेलाने त्या मऊ करून हलक्या हाताने धुतल्या की बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. त्या ओरबाडू नयेत.

बिबवेवाडीच्या चढावरच्या वस्त्यांमध्ये टँकरचं आणि बोअरचं पाणी नवीन नाही. काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाच्या साबणाने डोकं धुतलं की ते साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात, आणि वाळल्यावर तो केसांत कोंड्यासारखा दिसतो. घरात ज्याला कोंडा म्हणतात तो कधीकधी निव्वळ हा साका असू शकतो. शिकेकाई आणि रिठ्यातल्या फेसाळ द्रव्याचा असा साका होत नाही. आजीच्या शिकेकाईचं हे मोल खरं आहे, जरी ती बुरशीवरचं औषध नसली तरी. लिंबाचा रस थेट चोळणं मात्र डवचलेल्या त्वचेला झोंबतं, ते टाळावं. टी ट्री तेलाच्या पाच टक्के शाम्पूची 126 रुग्णांवर चाचणी झाली होती. तो वापरणाऱ्यांत 41 टक्के सुधारणा दिसली, तर औषध नसलेला शाम्पू वापरणाऱ्यांत 11 टक्के. अमुक खाल्ल्याने कोंडा होतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

पुण्याच्या कोरड्या थंडीत आणि कढत पाण्याच्या अंघोळींनी हा त्रास वाढतो. मानसिक ताणानेही वाढतो. सकाळी ओल्या केसांवर हेल्मेट घालून निघण्यापेक्षा दहा मिनिटं आधी उठून केस वाळवावेत. हेल्मेट मात्र सोडू नये.

प्रत्येक पापुद्रा कोंड्याचा नसतो. केसाला घट्ट चिकटलेला, झटकून न पडणारा कण म्हणजे उवांची लीख. चंदेरी, जाड खवले केसांच्या रेषेबाहेर उतरले, कोपरांवर-गुडघ्यांवरही दिसले तर सोरायसिसची शंका घ्यावी. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला, सूज आली, तर ते गजकर्ण असू शकतं आणि त्याला पोटातून औषध लागतं. नुसत्या शाम्पूने ते जात नाही. नाकाच्या कडेला, भुवयांत, छातीवर लालसर खवले आले तर तो कोंड्याचाच तीव्र प्रकार असतो. मेडिकलच्या दुकानातून विचारून आणलेलं स्टिरॉइडचं मलम यांतल्या कशावरही स्वतःच्या मनाने लावू नये. त्याने खाज थांबते, पण बुरशीचा विकार आतून पसरतो.

कारखान्यात, दुकानात काम करणाऱ्या ज्यांच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे, त्यांच्यासाठी बिबवेवाडीतच ईएसआय हॉस्पिटल आहे. इतरांना ससूनचा त्वचारोग विभाग आहे. औषधी शाम्पू चार आठवडे नीट लावूनही फरक पडला नाही, तर आणखी एक नवी बाटली विकत घेण्याआधी डॉक्टरांना डोकं दाखवा. आणि घरात कोणाच्या खांद्यावर पांढरे कण दिसले, तर त्याला बोलू नका. शाम्पू पाच मिनिटं कसा ठेवायचा ते समजावून सांगा.