घरातला कॉम्प्युटर बंद पडला तर

पुण्यात कॅम्प, भवानी पेठ, मोमीनपुरा, कोंढवा अशा वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत आज एक डेस्कटॉप कॉम्प्युटर असतो. त्यावर घरातले किती जण अवलंबून आहेत, हे तो बंद पडेपर्यंत लक्षात येत नाही. मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, अब्बांच्या दुकानाचे जीएसटीचे हिशेब त्यातच असतात. एखाद्या घरातली आपा इनपेजवर उर्दू लग्नपत्रिका जुळवून घरखर्चाला हातभार लावत असते. आणि अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असताना बटण दाबले तर काहीच होत नाही.

मग पेटी उचलून रिक्षात घातली जाते. दुकानदार म्हणतो, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." घरचे एकमेकांकडे पाहतात, कारण उलट विचारायला कोणाजवळ शब्दच नसतात. बहुतेक कारागीर मेहनतीने आणि सचोटीने काम करतात. तरीही ज्याला आपल्या वस्तूची काहीच माहिती नाही, त्याला खरा सल्ला आणि खोटा सल्ला यांतला फरक कळणार कसा? या लेखातून घराघरांत मेकॅनिक तयार व्हावेत अशी आमची अपेक्षा नाही. पेटीच्या आत काय आहे आणि बिघाड साधारण कुठे असेल, एवढे घरातल्या एकाला तरी कळावे, इतकीच इच्छा आहे.

पेटीच्या आत काय असते

कॉम्प्युटर म्हणजे एकसंध यंत्र नव्हे. सुटे भाग एकमेकांना जोडून तो उभा राहतो, म्हणूनच त्याची दुरुस्ती होऊ शकते.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज थेट आतल्या भागांना चालत नाही. मागच्या बाजूला पंखा असलेला जो पत्र्याचा डबा दिसतो, तो एसएमपीएस. तो त्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. मदरबोर्ड हा सगळ्यांना जोडणारा पाया. त्यावर बसलेला प्रोसेसर हिशेब करतो. रॅम म्हणजे काम करताना समोर मांडलेले टेबल, वीज गेली की ते रिकामे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट, वीज गेली तरी आतली वस्तू जागेवर राहते. म्हणून रॅम बिघडली तरी फोटो जात नाहीत आणि मदरबोर्ड जळला तरी हार्ड डिस्क सुखरूप असू शकते. "कॉम्प्युटर गेला म्हणजे सगळे गेले" ही भीती बहुतेक वेळा खोटी ठरते.

सुटे भाग जोडून मोठे काम करण्याची गोष्ट पुण्याला नवी नाही. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. एकच अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक लहान प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घ्यायचे, हा त्यामागचा विचार होता. दुसऱ्याने वस्तू दिली नाही, म्हणून ती आतून समजून घेतली गेली.

तीन प्रश्न

बिघाड शोधताना घाबरून दहा गोष्टी एकदम करू नयेत. तीन प्रश्न ओळीने विचारावेत.

पहिला प्रश्न : वीज पोहोचते का? बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर आधी त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून पाहावा. मग एक्स्टेन्शन बोर्ड टाळून वायर थेट भिंतीत लावावी. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच साफसफाईत बंद झाला आहे का, तेही बघावे. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत संपते, म्हणून कॉम्प्युटर यूपीएसशिवाय सुरू करून पाहावा. एवढे करूनही सगळे शांत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. तो मदरबोर्डपेक्षा बराच स्वस्त असतो आणि एकटा बदलता येतो. दुकानात "आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखवा" असे म्हणावे. चांगला कारागीर हे न सांगताच करतो.

दुसरा प्रश्न : पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काही येते का? येत नसेल तर मॉनिटर स्वतः चालू आहे का आणि केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का ते पाहावे. कीबोर्डवरचे नम लॉक बटण दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर बहुधा आत जिवंत आहे आणि दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्सच्या बाजूला आहे. दिवा हलत नसेल आणि आतून बीप ऐकू येत असतील तर ते मोजावेत. मदरबोर्ड बोलू शकत नाही, म्हणून तो बीप देतो. त्यांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पण पुन्हापुन्हा येणारे बीप अनेकदा रॅमकडे बोट दाखवतात. नव्या बोर्डांवर बीपऐवजी लहान दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी भागाचे नाव छापलेले असते.

रॅमची तक्रार घरीही दूर होऊ शकते. वायर भिंतीतून काढावी. मग चालू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. झाकण उघडून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, कारण अंगावरची स्थिर वीज चिपला मारू शकते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या मागे ढकलून पट्टी बाहेर काढावी आणि तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हळुवार पुसावेत. खोडरबराचा भुगा झटकून पट्टी परत बसवावी, खिट्ट्या टक्कन लागल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे दोषी कोण ते कळते.

तिसरा प्रश्न : कंपनीचे नाव स्क्रीनवर येते, पण पुढे गाडी सरकते का? इथे दोष बहुधा हार्ड डिस्क, तिची केबल किंवा विंडोजमध्ये असतो. जुन्या हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर पुन्हापुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. आतला वाचणारा भाग खराब होत असतो आणि प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढते. डेटा मोलाचा असेल तर तिथेच थांबून जाणकाराकडे जावे.

फसवे आजार

काही बिघाड एका ठिकाणी असतात आणि दिसतात भलत्याच ठिकाणी. रोज सकाळी कॉम्प्युटर जुनीच तारीख दाखवतो आणि बँकेची किंवा सरकारी वेबसाइट उघडताना धोक्याची सूचना येते. घरचे इंटरनेटवाल्याला फोन करतात. खरे कारण असते मदरबोर्डवरची नाण्याएवढी तीन व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी. ती संपली की घड्याळ मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि चुकीच्या तारखेमुळे ते प्रमाणपत्र कॉम्प्युटरला खोटे वाटते. ही बॅटरी बाजारात सहज मिळते. मात्र काढलेली बॅटरी लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. लहान मुलाने ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका जळू शकते. तशी शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसरा फसवा आजार म्हणजे दहा-पंधरा मिनिटे चालून आपोआप बंद होणे. याला व्हायरस समजले जाते, पण अनेकदा ती गरमी असते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी तयार होते आणि कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. वायर काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी आणि झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष बहुधा घराच्या अर्थिंगमध्ये असतो. तिथे इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. एसएमपीएसचा डबा उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो.

पुण्याचा पाऊस

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पेटी कधीही जमिनीवर ठेवू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी किती घरांत शिरले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. पेटीत पाणी गेलेच तर चालू होते का ते पाहू नये. ओल्या बोर्डात वीज सोडली की वाचू शकणारा भागही जळतो. विजा कडाडत असतील तर वायर भिंतीतून काढणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. इंटरनेटची केबलही काढावी, वीज त्या वाटेनेही येते.

दुकानात जाण्यापूर्वी

पेटी दुरुस्तीला देताना आपण फक्त यंत्र देत नाही. त्यात घरातल्या लेकीसुनांचे फोटो असतात, आधार कार्ड, बँकेची कागदपत्रे, कधी पासवर्डही असतात. ही घराची अमानत आहे. बिघाड वीज, रॅम किंवा मॉनिटरचा असेल तर हार्ड डिस्क घरीच काढून ठेवावी. ती बहुधा चार स्क्रू आणि दोन केबलवर बसलेली असते. डिस्क द्यावीच लागली तर शक्य असल्यास काम आपल्यासमोर करून घ्यावे. झाकण उघडून आतल्या भागांचे आणि त्यांच्यावरच्या नंबरांचे फोटो घ्यावेत. बदललेला जुना भाग परत मागावा. यात कोणावर अविश्वास नाही. देणेघेणे लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला दिलेलीच आहे आणि तिने दोन्ही बाजूंची इज्जत राखली जाते.

महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात : एक कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा नातेवाइकाकडे. मरहूम दादाजानचा आवाज असलेली एकमेव ध्वनिफीत कोणत्याच दुकानात विकत मिळत नाही.

टाकायचा की वापरायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आणि अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून लगेच नवीन घ्यायलाच हवा असे नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मशीन कितीतरी वेगाने उघडते. अभ्यास, पत्रव्यवहार आणि इंटरनेटसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत मिळते. त्यामुळे चोरीच्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही मिटतो. तो प्रश्न आपल्या घरांत फारसा विचारला जात नाही, पण विचारायला हवा. मात्र इनपेजसारखे विंडोजवरचे काम असेल तर आधी ते लिनक्सवर चालते का, याची खात्री करून घ्यावी.

प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चपला स्वतः सांधत आणि कपड्याला स्वतः ठिगळ लावत, हे हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आपल्याला कळते. दुरुस्त करून वापरणे हा आपल्याकडे कमीपणा नाही, सुन्नत आहे. उधळपट्टीला तर स्पष्ट मनाई आहे. जी वस्तू खरोखरच निकामी झाली, ती भंगारात मोडायला देऊ नये. तिच्यात शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्यावी, कारण डिलीट केलेली फाइल परत काढता येते.

मुलामुलींच्या हाती स्क्रू ड्रायव्हर

इ.स. १२०६ मध्ये इस्माईल अल-जझरी यांनी पन्नास यंत्रांचे पुस्तक पूर्ण केले. पाणी उपसणारी यंत्रे, घड्याळे, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या, असे बरेच त्यात आहे. त्यांनी नुसती नवलाई सांगितली नाही, तर कोणता भाग कसा घडवायचा आणि कुठे जोडायचा हेही लिहिले. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र उभे करता यावे, हा त्यातला मोठेपणा. आपल्या घरांत एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रे पुष्कळ आहेत, पण पेटी उघडून पाहिलेले हात थोडे आहेत. ज्यांना यातच पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा कोर्स आहे. मुलींनीही तो जरूर पाहावा. घरच्या बाईमाणसाच्या कॉम्प्युटरला हात लावणारी एखादी मुलगी मोहल्ल्यात असेल, तर कितीतरी घरांचा संकोच मिटेल.

सुरुवात या रविवारी करता येईल. वायर काढा, झाकण उघडा आणि मुलांना एकेक भाग बोटाने दाखवा. धूळ झाडा, फोटो काढा, महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत बनवा. पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर तारीख आणि काय बदलले ते लिहा. पुढच्या वेळी दुकानात गेलात की तो कागद सोबत न्या.